‘कोल्हापुरीचं पेटंट’ असं काही नाही

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि जुना समज पुन्हा फिरू लागला: ‘आपल्याकडे कोल्हापुरीचं पेटंट आहे, त्यांनी चोरलं!’

राग रास्त होता, पण पेटंट नाही. पेटंट नव्या शोधाला, ठरावीक वर्षांसाठी मिळतं. कोल्हापुरी तर पिढ्यान्‌पिढ्यांची. तिला 2019 मध्ये मिळाला तो जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. 1999 च्या कायद्यानुसार ते एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या कारागिरांचं असतं, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येतं.

महत्त्वाचं असं की जीआय नावाला संरक्षण देतो, घाटाला नाही. दुसरीकडे बनलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली, तर कारवाई होऊ शकते. नाव न घेता तसाच अंगठा, तशीच वेणी वापरली, तर या कायद्याचा हात तोकडा पडतो. प्राडाने सुरुवातीला कोल्हापूरचं नावच घेतलं नव्हतं, हेच मला जास्त लागलं.

आणि हो, हा जीआय एकट्या कोल्हापूरचा नाही. सांगली, सातारा, सोलापूरसोबत कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हेही त्यात आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा कारागीर नक्कल करत नाही. तोही हक्कदारच आहे.