केमोच्या मळमळीवर ॲक्युपंक्चर की ॲक्युप्रेशर?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांतून केमोसाठी माणसं नागपूरला, नाहीतर सेवाग्रामला जातात. खर्र्यापायी (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणापायी) तोंडाचा कॅन्सर आमच्याकडे घरोघरी ओळखीचा झाला आहे. त्यावर नेहमी दिलं जाणारं सिस्प्लॅटिन मळमळीच्या बाबतीत सगळ्यात उग्र औषधांपैकी एक. डोस घेऊन परतताना एसटीतच उमासे सुरू होतात. मग शेजारचं कुणी सांगतं, "काकाजी, मनगट दाबा, ॲक्युपंक्चर म्हणतात त्याले."

दाबतात ते ॲक्युप्रेशर. ॲक्युपंक्चरला सुया लागतात. मळमळीसाठी दोन्हीची मुख्य जागा एकच, म्हणून गल्लत होते.

ती जागा अशी सापडते: तळहात वर करा. मनगटाच्या घडीखाली, कोपराच्या बाजूला, दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा. तर्जनीच्या लगेच खाली, मूठ आवळल्यावर दोऱ्यांसारख्या वर येणाऱ्या दोन शिरांच्या (रक्ताच्या नव्हे, स्नायूंच्या) मधोमध अंगठा टेकवा. दोन-तीन मिनिटं गोल फिरवत दाबा, मग दुसऱ्या मनगटावर. जोर लावायचा, पण दुखेल इतका नाही. खर्च काही नाही, आणि घरचं पोरगंही हे करू शकतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण रात्री दोनला उमासे आले की गावात दुसरं कोण असतं?

ॲक्युपंक्चरची सुई केसासारखी बारीक आणि भरीव असते, तिच्यातून औषध जात नाही. ती टोचून साधारण 15 ते 30 मिनिटं तशीच ठेवतात. 1997 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ समितीने केमोच्या मळमळ-उलटीवर तिचा गुण येतो, असं नमूद केलं. पण सुईने कातडी भेदली जाते. डोसनंतर 7 ते 14 दिवसांच्या सुमारास जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट बऱ्याचदा खाली येतात, तेव्हा त्या टोचण्यातून जंतू शिरू शकतात किंवा रक्त थांबत नाही. म्हणून आधी रक्ताचा रिपोर्ट केमोच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांनी हो म्हटलं तरच सुई. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला सुई नको. सुई दरवेळी नवी, आपल्यासमोर पाकीट फोडलेली हवी. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरवाल्यांच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे. नोंदणी विचारायला संकोच कशाला?

"मंग उलटीच्या गोळ्या बंद करू का?" असं हमखास विचारतात. अजिबात नाही. ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, जे लिहून दिलं असेल ते वेळेवर घ्यायचंच. सुई किंवा अंगठा त्याच्या जोडीला, आणि कॅन्सरवर इलाज या दोन्हींपैकी एकही नाही.

अंगात 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप भरला, किंवा पाणीही पोटात टिकेना, तर मनगट दाबत बसू नका. रात्र असली तरी गाडी करा आणि दवाखाना गाठा.