डोळ्याला होणाऱ्या इजा आणि त्यांपासून बचाव

डोळ्याची इजा म्हणजे बाहेरच्या कुठल्याही गोष्टीने, मग ती काडी असो, चुना असो, फटाका असो की नुसता प्रखर उजेड, डोळ्याच्या एखाद्या भागाचं नुकसान होणं. वयामुळे येणारा मोतीबिंदू किंवा डायबिटीसने पडद्यावर होणारा परिणाम यात धरत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की माणूस थोड्याच दिवसांत पेपर वाचायला लागतो, पण इजेने गेलेली नजर बरेचदा परत येत नाही, आणि ती जाते ती तरण्या माणसाची नाहीतर लहान पोराची, म्हणजे पुढची पन्नास-साठ वर्षं एका डोळ्यावर काढायची. यातल्या बहुतेक इजा टळू शकतात, आणि ज्या टळत नाहीत त्यातही पहिल्या तासाभरात घरच्यांनी काय केलं यावर पुष्कळ काही ठरतं, म्हणून ही नोंद थोडी सविस्तर.

आधी डोळ्याबद्दल दोन गोष्टी. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक थर असतो, त्याला कॉर्निया किंवा पारपटल म्हणतात (बोलताना आपण सगळ्यालाच बुबुळ म्हणून मोकळे होतो). मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात पण नसा भरपूर, म्हणून बारीक कुसळ गेलं तरी जीव कासावीस होतो. नुसतं वरचं कातडं खरचटलं तर एकदोन दिवसात भरून येतं, जखम खोल गेली किंवा त्यात जंतू शिरले तर मात्र पांढरा डाग राहतो, त्यालाच फूल पडलं म्हणतात. याच्या उलट मागचा पडदा म्हणजे रेटिना, त्याला दुखणं कळतच नाही, तो भाजला तरी डोळ्यात काही खुपत नाही.

चुना

घरातल्या वस्तूंमध्ये सगळ्यात घातक कोणती असं विचारलं तर मी चुन्याची पुडी सांगेन. तंबाखूबरोबर मिळणारी ती छोटी प्लॅस्टिकची पुडी किंवा ट्यूब आजोबांच्या बंडीत, खिडकीच्या कठड्यावर, उशीखाली, कुठेही पडलेली असते आणि दोन-चार वर्षांच्या पोराला ती खेळण्यासारखी वाटते, ते दाबतं, पुडी फुटते आणि आतला चुना जोरात थेट डोळ्यात जातो. पोर पुडी बघत असतं म्हणून चेहरा जवळच असतो.

ॲसिडला आपण घाबरतो पण डोळ्याच्या बाबतीत चुन्यासारखे अल्कली पदार्थ बरेचदा जास्त वाईट. ॲसिडने वरच्या थरातलं प्रोटीन गोठतं आणि त्याचाच एक अडसर तयार होतो, आत जाणं थोडं थांबतं. अल्कली पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत जातं, साबण बनतो तीच क्रिया, त्यामुळे ते आत आत शिरत राहतं. त्यात चुना चिकट, त्याचे कण वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला बसून राहतात आणि तासन् तास झिरपतात. बुबुळाच्या कडेला ज्या मूळपेशी असतात, ज्या कॉर्नियाचं वरचं कातडं आयुष्यभर नव्याने तयार करत असतात, त्या जळाल्या की नुसती नवी कॉर्निया बसवूनही भागत नाही.

म्हणून चुना, फिनेल, टॉयलेट साफ करायचं ॲसिड, बॅटरीचं पाणी, काहीही गेलं की त्याच जागी, त्याच मिनिटाला, नळाखाली किंवा तांब्याने साधं स्वच्छ पाणी डोळ्यात धरायचं. पापण्या बोटांनी उघड्या ठेवायच्या, पोर रडणार, हातपाय झाडणार, तरी दोघांनी धरून निदान १५ ते ३० मिनिटं धुवायचं आणि मगच गाडी काढायची. आधी डॉक्टरकडे पळायचं आणि पाणी तिथे, ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण गावातून तालुक्याला पोचेपर्यंत चुना आपलं काम करून बसलेला असतो. ॲसिड गेलं म्हणून सोडा किंवा चुना गेला म्हणून लिंबू असलं उलट औषध अजिबात नको. तूप, खोबरेल, मध, आईचं दूध हेही नको. फक्त पाणी, आणि भरपूर. धुतल्यावर दवाखान्यात जायचंच, पापणी उलटवून आतले कण काढणं हे डॉक्टरचं काम आहे.

जगातलं पहिलं यशस्वी नेत्ररोपण सुद्धा चुन्यानेच डोळे गेलेल्या माणसावर झालं. ७ डिसेंबर १९०५ ला ओलोमोत्स गावात (आता चेक प्रजासत्ताकात) डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी एका शेतमजुराला कॉर्निया बसवली, आणि ती ज्याची होती त्या ११ वर्षांच्या मुलाचा डोळा धातूचे तुकडे घुसल्याने काढावा लागला होता. देणारा आणि घेणारा दोघंही इजेचेच पेशंट.

शेतातली इजा

ऊसतोडीत पाचटाची धारदार कड, तुरीचे आणि पऱ्हाटीचे खुंट (निंदायला वाकलं की सरळ डोळ्याच्या उंचीला येतात), मळणीला उडणारी कुसळं आणि भाताचं फोलपट, बैलाचं शिंग, दूध काढताना म्हशीच्या शेपटीचा फटका, हे सगळं इतकं रोजचं आहे की कुणी त्याला अपघात म्हणतच नाही. थोडं पाणी मारतात आणि कामाला लागतात. पण झाडपाल्याच्या ओरखड्यातून फ्युजेरियम, ॲस्परजिलस अशा बुरशी कॉर्नियात शिरतात आणि चारपाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, डोळा लाल, पाणी, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढुरका ठिपका असं सुरू होतं. याला बुरशीचा अल्सर (चिघळलेली जखम) म्हणतात, तो बरा व्हायला आठवडे नाही तर महिने लागतात, नॅटामायसिन या बुरशी मारणाऱ्या औषधाचे ड्रॉप्स तासातासाला घालावे लागतात.

इथे दुसरी मोठी चूक होते ती मेडिकलच्या दुकानात. डोळा लाल आहे म्हणून दुकानदार स्टेरॉइडचा ड्रॉप देतो, लाली उतरते, दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी मोकाट वाढते. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचा ड्रॉप घालायचा नाही. शेजाऱ्याचा उरलेला ड्रॉप पण नाही, बाटली एकदा फोडली की साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते. गावोगावी जिभेने किंवा पदराच्या टोकाने डोळ्यातलं कुसळ काढणाऱ्या बायाबापड्या असतात, त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण तोंडातले जंतू थेट जखमेत जातात.

लवकर उपचार मिळाले तर काय होतं याचं फार चांगलं उदाहरण नेपाळमध्ये आहे. भक्तपूर जिल्ह्यात गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना खरचटलेला डोळा ओळखायला शिकवलं आणि अशा लोकांना क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं साधं मलम दिवसातून ३ वेळा, ३ दिवस दिलं. त्याचे निकाल २००१ साली छापून आले, जे १८ तासांच्या आत आले त्यांच्यात अल्सर झाला नाही. म्हणजे प्रश्न महागड्या औषधाचा नव्हता, वेळेत कुणाला तरी दाखवण्याचा होता.

फवारणीचं वेगळं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, माणसं दगावली, काहींना दिसेनासं झालं अशाही तक्रारी होत्या. कपाशी डोक्याइतकी वाढलेली असेल तर फवारा चेहऱ्यावरच येतो, म्हणून बाजूने बंद असलेला गॉगल लागतो, आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारायचं नाही हे जुनं शहाणपण लागतं.

रुईच्या चिकाबद्दल मुद्दाम लिहितो कारण ते फारसं कुणाला माहीत नसतं. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, पानं तोडताना निघणारा पांढरा चीक हाताला लागतो आणि तोच हात डोळ्याला जातो. सुरुवातीला फार दुखत नाही, त्यामुळे दुर्लक्ष होतं, आणि काही तासांनी समोर धुकं आल्यासारखं दिसायला लागतं कारण कॉर्नियाला सूज येते. वेळेत उपचार झाले तर बहुतेकांची नजर परत येते, पण कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या थरातल्या ज्या पेशी मरतात त्या पुन्हा तयार होत नाहीत. शेराचा आणि निवडुंगाच्या जातीतला चीक मात्र लगेच प्रचंड आग करतो. माळ करून झाली की आधी साबणाने हात, मग बाकी सगळं.

ग्राइंडर, वेल्डिंग, छिन्नी

ग्राइंडरचा कण कॉर्नियात रुतला की काही तासांतच त्याभोवती गंजाचं कडं तयार होतं, तेही काढावं लागतं. वर्कशॉपमध्ये शेजारचा कारागीर काडीपेटीच्या काडीने कण काढून देतो, हे करू नये, नेत्रतज्ज्ञाकडे भिंगाखाली पाच मिनिटांचं काम असतं. छिन्नी-हातोड्याचं जास्त फसवं. हातोडा मारताना लोखंडाची कपची उडते आणि डोळ्याच्या आत शिरते, बाहेरून जखम सुईच्या टोकाएवढी, दुखणं बेताचं, दिसतंही ठीक, आणि माणूस घरी जातो. आतलं लोखंड हळूहळू पडदा खराब करतं. असं झाल्याची शंका असेल तर एक्सरे किंवा सीटी स्कॅन करतात, एमआरआय करायचा नाही, चुंबकाने तो तुकडा हलतो.

वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्याने बघितला की त्यातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी कॉर्नियाचं वरचं कातडं भाजतं. त्रास लगेच नाही, ६ ते १२ तासांनी, म्हणजे नेमकं मध्यरात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं वाटतं. काम करणाऱ्याकडे निदान काच असते, बाजूला उभं राहून बघणाऱ्या पोरांकडे काहीच नसतं. एकदोन दिवसात ते भरून येतं. बधिर करणारा ड्रॉप मात्र घरी घालत बसायचा नाही, दुखणं थांबतं पण जखम भरायची पण थांबते.

सण आणि ग्रहण

दिवाळीत भुईनळा पेटला नाही म्हणून वाकून बघणं आणि बाटलीतला बाण आडवा होणं, या दोन गोष्टींनी किती डोळे जातात ते कुठल्याही डोळ्यांच्या वॉर्डात पाडव्याच्या दिवशी दिसतं. न पेटलेल्या फटाक्याकडे परत जायचंच नाही, लांबून पाणी ओतायचं. जखमी होणाऱ्यांत बघ्यांचीही संख्या मोठी असते, म्हणून गॉगल फक्त लावणाऱ्याने घालून भागत नाही. रंगपंचमीला जोरात मारलेला पाण्याचा फुगा रंगापेक्षा वाईट, त्या फटक्याने डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचतं, पडदा सुटू शकतो, आणि त्या डोळ्यात काचबिंदू काही वर्षांनीही होऊ शकतो. म्हणून क्रिकेटचा बॉल किंवा विटीदांडूतली विटी लागली आणि दोन दिवसात बरं वाटलं तरी एकदा पडदा तपासून घ्यावा.

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण आहे. भर पावसाळा असेल, ढगांमधून सूर्य सौम्य वाटतो आणि लोक उघड्या डोळ्याने बघतात, पण पडदा भाजताना दुखत नाही. एक्सरेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, पाण्यातलं प्रतिबिंब यातलं काहीच चालत नाही. आयएसओ १२३१२-२ लिहिलेला ग्रहणाचा चष्मा, तोही ओरखडे नसलेला, नाहीतर पुठ्ठ्याला भोक पाडून जमिनीवर पडलेली प्रतिमा बघायची.

डोळा फुटला असेल तर

काही टोचून डोळ्याला भोक पडलं, बाहुली वेडीवाकडी दिसते, जखमेतून काही काळपट बाहेर आलंय, तर वर सांगितलेलं पाण्याने धुणं इथे करायचं नाही. दाबायचं नाही, चोळायचं नाही, रुतलेली वस्तू उपटायची नाही, ड्रॉप-मलम नाही. चहाच्या कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्यावर असा चिकटवायचा की कड हाडावर टेकेल आणि डोळ्याला काहीच लागणार नाही. भूल द्यावी लागेल म्हणून खायला-प्यायला देऊ नये. त्याच दिवशी टाके पडायला हवेत.

फुटलेला डोळा आपण वाचवतो तो कधीकधी दुसऱ्या डोळ्यासाठी पण असतो. क्वचित असं होतं की एका डोळ्याला खोल जखम झाल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती धडधाकट डोळ्यावरच उलटते. अंधांची लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेलचं उदाहरण यासाठी देतात, १८१२ मध्ये तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात आरी डोळ्यात गेली आणि पाच वर्षांचा होईपर्यंत दोन्ही डोळे गेले. आता स्टेरॉइड आणि इतर औषधांनी हा आजार आटोक्यात येतो, पण इजा झालेल्या माणसाने चांगल्या डोळ्यात लाली किंवा अंधूकपणा आला तर एक दिवसही थांबू नये.

आणि ज्याला एकाच डोळ्याने दिसतं, त्याने नंबर असो नसो, पॉलिकार्बोनेटच्या (सहज न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या) काचेचा चष्मा दिवसभर लावावा, घरात फोडणी देताना सुद्धा.