टच पॅनेलचं वाय-फाय : ‘सर्टिफिकेट तपासू नका’ निवडलं तर चालतं का?

‘पासवर्ड एन्क्रिप्ट होऊनच जातो, मग सर्व्हरचं सर्टिफिकेट कशाला तपासायचं?’ भिंतीवरचा टच पॅनेल डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ नेटवर्कला (जिथे प्रत्येकाची ओळख एक सर्व्हर वेगळी तपासतो, अशा वाय-फायला) जोडताना हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे.

पीईएपीमध्ये (या नेटवर्कवर पासवर्डने लॉगिन करायच्या एका पद्धतीत) एन्क्रिप्शन होतं खरं, पण पलीकडे कोण बसलंय हे सर्टिफिकेटच सांगतं. तपासणी बंद असेल तर त्याच नावाच्या बनावट ॲक्सेस पॉइंटलाही पॅनेल मुकाट्याने एमएसचॅप-व्ही२चा (पीईएपीच्या आत पासवर्ड तपासणाऱ्या पद्धतीचा) प्रतिसाद देतो. तो प्रतिसाद फोडायला डीईएस या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीची ५६ बिटांची एक किल्ली शोधली की पुरतं.

म्हणून रूट सीएचं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या मूळ संस्थेचं, सर्टिफिकेट पॅनेलमध्ये टाका आणि सर्व्हरचं डोमेन नावही भरा. सार्वजनिक सीए वापरत असाल तर नाव भरणं टाळूच नका. त्याच सीएचं सर्टिफिकेट कुणालाही मिळतं.

मग लोक तपासणी बंद का करतात? अनेकदा घड्याळामुळे. बराच काळ वीज नसलेला पॅनेल १९७० सारखं जुनं साल दाखवू शकतो, त्यामुळे सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ ठरतं. वेळ एनटीपीवरून (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेवरून) यायची, तर आधी नेटवर्क हवं! तारीख हातानेच लावा, किंवा एकदा केबल जोडा.

ईएपी-टीएलएस (पासवर्डऐवजी पॅनेलचंच सर्टिफिकेट वापरणारी पद्धत) असेल तर सर्टिफिकेटसोबत त्याची खाजगी किल्लीही लागते; पीएफएक्स फाइलमध्ये दोन्ही एकत्र मिळतात. नुसत्या सीईआर (फक्त सर्टिफिकेटच्या) फाइलमध्ये खाजगी किल्ली नसते.