स्टेल्थ विमान रडारला दिसत नाही ते काळ्या रंगामुळे?

"स्टेल्थ विमानाला खास काळा रंग असतो, तो रडारच्या लहरी पिऊन टाकतो म्हणून ते दिसतच नाही", हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धवट खरंय. लहरी शोषणारा लेप असतो, पण मुख्य काम आकार करतो.

रात्री लाइट घालवा, मोबाइलची टॉर्च डोळ्याजवळ धरा आणि समोर लख्ख घासलेली स्टीलची थाळी. सरळ धरली की डोळे दिपतात, जरा तिरकी केली की थाळी जवळजवळ काळीच दिसते, उजेड भिंतीवर गेलेला असतो. धातू तोच ना! रडारही टॉर्चसारखी लहर सोडतं आणि परत आलेली लहर बघतं, तिरक्या पृष्ठभागावरून ती भलतीकडे जाते.

आता आकडे बघा. १ चौरस मीटरचा सपाट पत्रा, ३ सेमीची लहर समोरून सरळ आली तर रडारला तो सुमारे १४,००० चौ. मी. एवढा मोठा वाटतो, आणि समोरून तेवढाच दिसणारा धातूचा गोळा फक्त १ चौ. मी.

पत्रा किंवा गोळ्यासाठी सोपं सूत्र आहे, विमानासाठी तसं नाही, म्हणून कॉम्प्युटरवर पृष्ठभागाचे बारीक तुकडे पाडतात, रडारच्या लहरीमुळे प्रत्येकावर किती करंट वाहतो ते काढतात आणि त्यावरून परतणारी लहर. तुकडा साधारण लहरीच्या दहाव्या भागाएवढा लागतो, म्हणजे वरच्या पत्र्याचेच लाखावर तुकडे! एफ-११७ हे अमेरिकेचं स्टेल्थ विमान चपट्या पत्र्यांचं, कोनाकोनांचं दिसतं ते यामुळेच, १९७०च्या दशकातल्या कॉम्प्युटरला गोलाईचा हिशोब झेपत नव्हता. प्रोग्राम बरोबर आहे का हे आधी गोळ्यावर तपासतात, कारण त्याचं अचूक उत्तर गणिताने काढता येतं.

आणि "दिसतच नाही" हेही खरं नाही, काही मीटर लांबीच्या लहरींना हीच विमानं बरीच जास्त दिसतात.