दूध बदलण्याआधी शी बघा

"याला दूधच पचत नाही" हा निकाल आपल्याकडे फार लवकर लागतो. तान्हं बाळ संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडतं, दिवसातून सात-आठ वेळा पिवळी, फेसाळ शी करतं आणि घरात पावडरच्या दुधाचा डबा येतो. कुणी बकरीचं दूध सुचवतं. बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही.

आईच्या दुधात १०० मिलीला सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. गाईच्या दुधात ५ ग्रॅमच्या आतबाहेर. तान्ह्या बाळाचं लहान आतडं ती सगळी शोषत नाही. उरलेली मोठ्या आतड्यातले जिवाणू फस्त करतात, त्यातून आम्ल आणि वायू तयार होतो. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ आणि आंबूस असायचीच. वजन वाढतंय, लघवी भरपूर होतेय, तर तिला जुलाब म्हणू नये.

लॅक्टोजचा खरा त्रास बहुधा जुलाबानंतर होतो. ही साखर फोडणारं लॅक्टेज आतड्याच्या बारीक लवीच्या टोकांवर असतं आणि जुलाब घडवणारा रोटाव्हायरस हा विषाणू नेमकी तीच टोकं खरवडतो. मग दूध प्यायलं की फसकन पाण्यासारखी शी होते, ढुंगण लालेलाल होतं. तपासणी स्वस्त आहे: शीचा पीएच ५.५ च्या खाली, म्हणजे आम्ल जास्त, आणि तिच्यात न पचलेली साखर. गोची नमुन्यात होते. डायपर पाणी शोषून घेतो, साखर त्या पाण्यातच असते, आणि प्रयोगशाळेत पोचतो तो नुसता गाळ. डायपर उलटा बांधा, प्लास्टिकची बाजू आत, आणि नमुना ताजा ताजा द्या. उशीर झाला तर जिवाणू साखर संपवून टाकतात. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाच्या शीतही साखर सापडते, त्यामुळे नुसत्या अहवालावरून दूध तोडू नये. लव काही आठवड्यांत पुन्हा उगवते. तोवर ओआरएस, १४ दिवस झिंक आणि आईचं दूध चालूच.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी हे प्रकरण निराळं. बाळ खेळतं-हसतं, पण शीत रक्ताचे धागे दिसतात. इथे लॅक्टोज काढलेला डबा कुचकामी, कारण प्रथिनं त्यात तशीच असतात. बकरीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनंही इतकी सारखी की तेही चालत नाही. या प्रकारात रक्ततपासणी बरेचदा काहीच दाखवत नाही. निदान होतं ते आईच्या ताटातून. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने दोन ते चार आठवडे दूध पूर्ण सोडायचं. पूर्ण म्हणजे चहातलं, कढीतलं, आळिवाच्या खिरीतलं आणि बघायला आलेल्यांनी आणलेल्या संत्रा बर्फीतल्या खव्यातलंसुद्धा. रक्त थांबलं की दूध पुन्हा सुरू करून बघायचं. ही दुसरी पायरी लोक गाळतात, आणि बाळंतीण वर्षभर उगाच कॅल्शियमला मुकते.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे गेला की आजीचा जीव बाळाला चमचाभर पाणी पाजायला तुटतो. आईच्या दुधात ८७ टक्के पाणीच असतं. सहा महिने वरचं पाणी नको, नागपुरातही नको. आईला मात्र भरपूर प्यायला द्या. गुटी उगाळायची सहाण नि तिच्यावरचं पाणी किती स्वच्छ असतं, हेही जरा बघा.

थांबायचं नाही अशा गोष्टी थोड्याच आहेत. हिरवी उलटी, रक्त-शेंबडाची शी आणि मधूनमधून कळवळून रडणं, किंवा प्रत्येक पाजण्यानंतर लांब उडणारी उलटी: त्याच दिवशी मेयो, मेडिकल ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं किंवा जे जवळ असेल ते गाठा. बहुतेकदा सोनोग्राफीने पुढची दिशा कळते. दोन आठवड्यांनंतरही कावीळ आणि शी खडूसारखी पांढुरकी असेल तर पित्तनलिका बंद असू शकते. तिची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर यकृत वाचण्याची शक्यता जास्त, म्हणून दीड महिन्याच्या लसीची वाट न बघता रंग दिसला की डायपर घेऊनच डॉक्टरांकडे जा.