किडनीचा आजार आणि पुरुषांचं लैंगिक आरोग्य: न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

1960 पर्यंत जुनाट किडनी निकामी झालेल्या माणसाचं लैंगिक आयुष्य हा विषयच नव्हता, कारण आयुष्यच उरत नसे. त्या वर्षी सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणं, वारंवार करता यावं म्हणून हातावर कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि क्लाइड शील्ड्स हे त्यांचे पहिले रुग्ण पुढे अकरा वर्षं डायलिसिसवर जगले. माणसं जगू लागली, संसारात परतली. शरीरसंबंध मात्र पूर्वीसारखे होईनात.

1970च्या दशकात अमेरिकेत रुग्णांना याबद्दल थेट विचारलं गेलं, तेव्हा इच्छा कमी होणं आणि लिंगाला ताठरता न येणं या तक्रारी मोठ्या संख्येने पुढे आल्या. अनेकांचा त्रास डायलिसिस सुरू झाल्यावर कमी होण्याऐवजी वाढला होता. तेव्हा बराचसा दोष नैराश्यावर टाकला जाई. नैराश्य असतंच, पण तेवढ्यावर थांबणं रुग्णावर अन्याय करणारं होतं. रक्ततपासण्यांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी आणि प्रोलॅक्टिन हे लैंगिक इच्छा मंदावणारं संप्रेरक वाढलेलं दिसत होतं. रक्तवाहिन्या कडक होणं, नसांना इजा, रक्तक्षय, मधुमेह आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या हेही त्यात भर घालतात.

मग उपायांची धडपड सुरू झाली. 1977 मध्ये जस्त देऊन फरक पडल्याचं प्रसिद्ध झालं, पण पुढच्या अभ्यासांत तसं यश सगळीकडे दिसलं नाही. प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिनने काहींना गुण आला, पण मळमळ आणि घसरणारा रक्तदाब अनेकांना सोसवेना. 1989 मध्ये अमेरिकेत रक्तक्षयावरच्या एरिथ्रोपोएटिन या औषधाला मान्यता मिळाली. हिमोग्लोबिन वाढलं, अंगात त्राण आलं आणि बऱ्याच जणांची इच्छाही परतली.

प्रत्यारोपणाची बाजू वेगळी आहे. नवी किडनी नीट चालली की बहुतेकदा संप्रेरकं सावरतात, शुक्राणू सुधारतात. कित्येक जण त्यानंतर बाप झाले. पण पूर्वी नव्या किडनीची धमनी ओटीपोटातल्या आतल्या इलियाक धमनीच्या टोकाला जोडत, आणि लिंगाचा रक्तपुरवठा तिच्याच फांदीतून येतो. एक बाजू गेली तरी सहसा निभावे. दुसऱ्या प्रत्यारोपणात दुसरी बाजूही वापरली की काहींची ताठरता कायमची जाई. 1979 मध्ये शल्यचिकित्सकांनी हा धोका उघडपणे मांडला. आता बाहेरच्या इलियाक धमनीला बाजूने जोड देण्याचा पर्याय सर्रास वापरतात.

1998 मध्ये सिल्डेनाफिल (व्हायग्रा) हे ताठरतेसाठीचं औषध आलं. किडनीच्या गंभीर आजारात ते 25 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. आणि छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते घेतलं तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. डायलिसिसच्या रुग्णांत हृदयविकार नेहमीचा, म्हणून ही गोळी परस्पर दुकानातून आणणं फार धोक्याचं.

2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा किडनीचा जुनाट आजार असलेल्या पुरुषांपैकी सुमारे 70 टक्क्यांना ताठरतेचा त्रास असल्याचं दिसलं. तरीही ओपीडीत क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन विचारून फाइल मिटते. रुग्ण संकोचाने बोलत नाही, म्हणून पहिला प्रश्न डॉक्टरांनीच, शक्य तर एकांतात, विचारायला हवा.