लांडगा बघायला वेळावदरला येताय, तर एवढं वाचून या

नमस्कार मंडळी,

बुकिंग झालं की जवळपास प्रत्येकाचा फोन येतो, "लांडगा नक्की दिसेल ना हो?" नक्की असं कोणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याबरोबर जाऊ नका. आपण दोन सकाळच्या आणि एक संध्याकाळची अशा तीन फेऱ्या ठेवतो त्या याचसाठी.

वेळावदरचं काळवीट नॅशनल पार्क गुजरातमधे, भावनगर जिल्ह्यातल्या भाल भागात आहे. जेमतेम 34 चौरस किलोमीटर, सगळं सपाट गवताळ रान. हे भावनगर संस्थानचं राखीव कुरण होतं, महाराज इथे शिकवलेले चित्ते सोडून काळविटांची शिकार करायचे. 1976 ला नॅशनल पार्क झालं, चित्ते तर कधीच गेले, आता काळविटांच्या मागावर असतो तो लांडगा. 16 जून ते 15 ऑक्टोबर पार्क बंद असतं, आपल्या ट्रिप्स नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आता मुख्य गोष्ट. लांडगा शोधत बसू नका, काळविटांकडे बघा. वाळलेल्या गवतात तो भुऱ्या रंगाचा प्राणी चाळीस पावलांवर बसला असला तरी दिसत नाही, पण चरणारा कळप एकदम माना वर करून सगळा एकाच दिशेला बघायला लागला, माद्या ताडताड उंच उड्या मारायला लागल्या, की दुर्बीण तिकडे वळवायची. एका डिसेंबरात धुकं होतं, आम्ही असेच थांबलो आणि गवतातून आधी दोन कान वर आले, मग लांडगीण रस्त्यावर आली, पुढचा पाय तसाच उचललेला ठेवून आमच्याकडे बघितलं आणि खाली मान घालून संथ दुडक्या चालीने निघून गेली. जिप्सीत कोणी श्वाससुद्धा घेतला नाही!!

ओळखायचं कसं? पाय लांब, अंग सडपातळ, शेपटी खाली लोंबती, कुत्र्यासारखी वर वळलेली नसते. वजन साधारण 20 किलो, कोल्हा त्याच्या निम्मा. पाठ मागे उतरती आणि अंगावर पट्टे दिसले तर ते तरस, तेही इथे आहे.

थंडीतच यांना पिल्लं होतात, वेड्या बाभळीच्या जाळीत बिळं असतात. बिळाजवळ आपण गाडी नेत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी नाही, कारण त्रास झाला की आई एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते आणि त्या धावपळीत पिल्लं दगावू शकतात. मागे एका गाडीने फोटोसाठी लांडग्याला रस्त्याने पळवत नेलेलं आम्ही बघितलंय, फार वाईट वाटलं. देशभरात हे अंदाजे तीन हजारच उरलेत, वाघाइतकंच कडक कायदेशीर संरक्षण आहे, पण वाघासारखं कौतुक यांच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे लोकेशन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, प्लीज. आवाज वाजवून किंवा मटण टाकून बोलावणं तर नाहीच नाही.

सोबत स्वेटर, कानटोपी (उघड्या भालावर पहाटेचं वारं झोंबतं), 8 बाय 42 ची दुर्बीण असली तर उत्तम, नसली तर गाडीत दोन आहेत त्या आळीपाळीने वापरू. कपडे खाकी-मातकट, परफ्यूम नको, मोबाइल सायलेंट. लहान मुलांना जरूर आणा, फक्त आदल्या रात्री लवकर झोपवा. संध्याकाळच्या फेरीत शेवटचा अर्धा तास भोवत्यांसाठी राखून ठेवलाय, हे शिकारी पक्षी थंडीत शेकड्याने गवतात मुक्कामाला उतरतात, तेव्हा लगेच परत फिरायची घाई करू नका.

लांडगा दिसला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत, हे आधीच सांगतोय. पहाटे साडेपाचला चहा तयार असेल, पावणेसहाला गाडी निघेल.